तसबिरीच्या आत काय आहे?

आपल्या बहुतेक घरांत दिवाणखान्याच्या भिंतीवर एखादा तुगरा, आयतुल कुर्सीची खत्ताती किंवा काबा शरीफचे चित्र असते. कुणी उमराहून आणलेले, कुणाला निकाहात भेट मिळालेले. फ्रेम करून खिळ्याला टांगले की आपण निश्चिंत होतो. काही पावसाळे जातात आणि कागद पिवळा पडतो, तपकिरी ठिपके उमटतात. आपण धुळीला दोष देतो; खरे कारण बहुधा फ्रेमच्या आतच असते.

स्वस्त फ्रेममध्ये चित्रामागे हार्डबोर्ड किंवा साधा पुठ्ठा घालतात. त्यातले आम्ल हळूहळू कागदात उतरते आणि कागद ठिसूळ होतो. सेलोटेपचा चिकटा डाग सोडतो. चित्र थेट काचेला टेकलेले असेल, तर दमट हवेत काचेच्या आत पाणी साचते, बुरशी धरते आणि शाई काचेला चिकटते.

मोगल काळातील मुरक्के, म्हणजे खत्ताती आणि चित्रांचे संग्रह, आठवा. प्रत्येक नमुन्याभोवती रुंद हाशिया असे. पाने उलटताना बोटे हाशियाला लागत, मूळ कलाकृती सुरक्षित राही. आज हेच काम माउंट करतो. तो चित्राला शोभा देतोच, शिवाय काच आणि कागद यांच्यात पोकळी ठेवतो.

म्हणून फ्रेमवाल्याला चार गोष्टी आवर्जून सांगाव्यात. माउंट आणि मागचा बोर्ड आम्लविरहित हवा. चित्र पूर्ण चिकटवू नये. फक्त वरच्या कडेला पातळ जपानी कागदाच्या पट्ट्या गव्हाच्या खळीने लावाव्यात. मागची बाजू कागदाने बंद करावी, म्हणजे कसर आणि धूळ आत शिरत नाही. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावावेत. भिंत आणि फ्रेम यांच्यातून हवा खेळती राहते.

जागाही विचारपूर्वक निवडावी. ओल येणारी बाहेरची भिंत, स्वयंपाकघर आणि थेट ऊन टाळावे. अतिनील किरण अडवणारी काच मिळते, पण तीही रंग उडणे फक्त लांबवते. काच पुसताना फवारा फ्रेमवर न मारता फडक्यावर मारावा.

चित्र काचेला चिकटले असेल, तर ओढू नये. काचेसकट जाणकाराकडे न्यावे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला संवर्धन केंद्र आहे.

आजोबांच्या हातची खत्ताती किंवा जुना निकाहनामा असेल, तर आम्ही एकच सुचवू: चांगली प्रत काढून ती भिंतीवर लावा आणि मूळ कागद आम्लविरहित फाइलमध्ये, कोरड्या कपाटात आडवा ठेवा. छापील तुगरा बाजारात पुन्हा मिळेल. आजोबांचे अक्षर एकदा उडाले की ते कुठल्याच दुकानात मिळणार नाही.