२५६ नव्हे, २५१

मिरचीसाठी प्रसिद्ध असलेल्या नंदुरबारमधील एका वखारीत ५१२ कप्पे आहेत असे समजा. कप्पा ० पासून प्रत्येकात एकेक चिठ्ठी ठेवायची: ०, १, २ असे २५५ पर्यंत, मग पुन्हा ० पासून. शेवटी सर्व चिठ्ठ्या वाचून पडताळायच्या. हमाल मात्र २५६ म्हटले की ० कडे जातो, २५७ म्हटले की १ कडे. जुनी चिठ्ठी काढून तो नवी ठेवतो. पण तिच्यावरही तोच आकडा! पडताळणी निर्दोष, आणि निम्मी वखार रिकामी.

संगणकाच्या स्मृतीची चाचणी अशीच फसते. बाइटमध्ये आठ बिट, म्हणून २५६ किमती. तेवढेच आवर्तन घेण्याचा मोह होतो. पण पत्त्याच्या ताराही २ च्या घातांनीच मोजतात. २५६ दर्शविणारी तार शून्यावर अडकली, की ० व २५६ हे एकच कप्पा होतात. आमच्या प्रयोगशाळेतील एक यंत्र या परीक्षेत उत्तीर्ण झाले आणि त्याने रात्रभरच्या निम्म्या नोंदी पुसल्या.

म्हणून ० ते २५० लिहून पुन्हा ० घ्यावा. २५१ ही मूळ संख्या. खरे तर १ सोडून कोणतीही विषम संख्या चालेल, कारण २ चा घात तिच्या पटीत येत नाही. आता २५६ वर ५ लिहिला जातो. तो ० च्या कप्प्यात सापडताच दोष उघड होतो. मात्र आधी सर्व लिहावे, मगच वाचावे.

एखादा बिटच अडकला असेल, तर ८५ (०१०१०१०१) व १७० (१०१०१०१०) आलटूनपालटून भरतात.

वर्गात आठ मुलांवर ४ चे आणि ३ चे आवर्तन करून पाहा.