संयुक्तत्वाचे ज्ञान आणि अवयवांचे ज्ञान

२ च्या ६७ व्या घातातून १ वजा केला असता १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही एकवीस अंकी संख्या प्राप्त होते. एखादी संख्या संयुक्त आहे हे कळणे आणि तिचे अवयव कळणे या दोन भिन्न गोष्टी होत, हे या संख्येच्या इतिहासावरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्यत्र होते.

या स्वरूपाची संख्या मूळ असावयाची तर तिचा घातांक मूळ असावा लागतो. तथापि तेवढे पुरेसे नाही. घातांक ११ घेतल्यास २०४७ ही संख्या मिळते, आणि ती २३ व ८९ यांचा गुणाकार आहे. मारँ मर्सेन यांनी १६४४ मध्ये दिलेल्या यादीत मूळ संख्या देणाऱ्या घातांकांमध्ये ६७ चा समावेश केला होता. एद्वार ल्यूका यांनी १८७६ मध्ये हे विधान असत्य ठरविले.

ल्यूका यांच्या कसोटीला डी. एच. लेमर यांनी १९३० मध्ये जे सुटसुटीत रूप दिले, ते असे : ४ पासून आरंभ करून प्रत्येक पदाचा वर्ग करावा, त्यातून २ वजा करावेत व दिलेल्या संख्येने भागून बाकी घ्यावी. घातांकाहून दोनने कमी इतक्या वेळा ही क्रिया केल्यावर बाकी शून्य उरली तरच संख्या मूळ होय. घातांक ५ असता ३१ साठी ४, १४, ८, ० अशी पदे येतात. म्हणून ३१ मूळ ठरते. घातांक ६७ असता पासष्ट पायऱ्यांनंतरही बाकी शून्य येत नाही. अर्थात संख्या संयुक्त आहे. परंतु या साऱ्या आकडेमोडीत तिच्या एकाही अवयवाचा मागमूस लागत नाही.

ते अवयव फ्रँक नेल्सन कोल यांनी १९०३ मध्ये, म्हणजे सत्तावीस वर्षांनी, अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीपुढे मांडले : १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. अशा संख्येच्या प्रत्येक मूळ अवयवातून १ वजा केल्यास बाकीला १३४ ने, म्हणजे घातांकाच्या दुपटीने, भाग जातो; शिवाय त्या अवयवाला ८ ने भागल्यास १ किंवा ७ उरतात. या अटी पाळूनही केवळ क्रमाने शोध घेतल्यास लहान अवयवापर्यंत पोहोचण्यास सुमारे सव्वासात लक्ष संख्या तपासाव्या लागतील. उलटपक्षी, अवयव हाती आल्यावर त्यांचा गुणाकार पडताळण्यास एक कागद पुरतो.

हा भेद आजही मिटलेला नाही. मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये कानपूर येथे दाखविले की, कोणतीही संख्या मूळ आहे की नाही हे तिच्या अंकसंख्येच्या एका ठराविक घाताच्या मर्यादेत राहणाऱ्या पायऱ्यांत ठरविता येते. अवयव शोधण्याची तशी रीत नेहमीच्या संगणकांसाठी अद्याप ज्ञात नाही. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी रचलेल्या गुप्तलेखन-पद्धतीची सुरक्षितता याच उणिवेवर अवलंबून आहे.