वावरातली बंगल्यांची वसाहत : विकण्याआधी समजून घ्या



मोठ्या शहरांच्या बाहेर शेतजमिनीवर 'निसर्गाच्या कुशीत इंग्रजी थाटाचे बंगले' अशा पाट्या आता जागोजाग दिसतात. हे वारे शेंदूरजनाघाटच्या शिवारात यायला वेळ लागायचा नाही. एखादे दिवशी कोणी बांधावर येऊन विचारील, "भाऊ, वावर विकाचं हाय का?" तेव्हा काय उत्तर द्यायचं, याचा विचार आधीच झालेला बरा. म्हणून हा लेख.

प्रथम हा इंग्रजी थाट म्हणजे काय ते पाहू. उंच जोतं, पुढे खांबांचा व्हरांडा, उतरतं कौलारू छप्पर, मोठ्या खिडक्या. चिखलदऱ्याला गेलेल्यांनी असे साहेबी बंगले पाहिलेच आहेत. गंमत अशी की 'बंगला' हा शब्द मुळात बंगाली पद्धतीच्या घरावरून आला. साहेबाने तो इथून उचलला आणि आता तोच आपल्याला महाग करून विकला जातो! आपल्या आजोबांची कवेलूची पडवी काय वेगळी होती? तेव्हा थाटाला भुलू नये. प्रश्न थाटाचा नाही, खालच्या जमिनीचा आहे.

आपल्याच राज्यातली दोन उदाहरणे घ्या.

पहिले लवासाचे. राज्य शासनाने १९९६ मध्ये नवीन गिरिस्थानांसाठी नियम केले. त्यानंतर पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यात वरसगाव धरणाच्या काठी हे शहर उभे राहू लागले. दासवे येथील घरे इटलीतल्या पोर्टोफिनो गावाच्या धर्तीवर, रंगीबेरंगी बांधली. २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने परवानगीच्या प्रश्नावरून काम थांबवले. कर्जाचा बोजा वाढत गेला आणि २०१८ मध्ये कंपनीचे प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखाली न्यायाधिकरणापुढे गेले. ज्यांनी पैसे भरले होते, ते घराची वाट पाहत राहिले.

दुसरे मगरपट्ट्याचे. पुण्याजवळ हडपसरला ही आपल्यासारखीच ऊस पिकवणाऱ्यांची जमीन. शहर अंगावर येऊ लागले, तेव्हा एकेकट्याने विकले तर मलिदा दुसराच खाईल, हे त्या शेतकऱ्यांनी ओळखले. श्री. सतीश मगर यांच्या पुढाकाराने सुमारे १२० कुटुंबांनी चारशेच्या वर एकर जमीन एकत्र केली. आपलीच कंपनी काढली आणि ज्याची जितकी जमीन त्या प्रमाणात भाग घेतले. इ. स. २००० च्या सुमारास बांधकाम सुरू झाले. जमीनवाल्यांच्या मुलांनी तिथेच निरनिराळ्या कामांचे ठेके घेतले. जमिनीचा पैसा एकदाच हाती येऊन संपला नाही, भाड्याच्या रूपाने येत राहिला. भागभांडवल म्हणजे काय, हे आपण कारखान्यात शिकलोच आहोत. तीच गोष्ट तिथे जमिनीची झाली.

आता हिशेब पाहू. आपण भाव एकराने सांगतो, प्लॉटवाला चौरस फुटाने विकतो. खरी मेख इथे आहे. एक एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणजेच ४३,५६० चौरस फूट. रस्ते व मोकळी जागा सोडून समजा ६० टक्के जमीन विकायला उरली, तर ती २६,१३६ फूट होते. फुटाला समजा ५०० रुपये भाव धरला, तर १ कोटी ३० लाखांच्या वर रक्कम होते. त्यात रस्ते, पाणी, वीज यांचा खर्च आहेच आणि धोकाही आहे, हे मान्य. तरी पण एकराचा भाव ऐकून मान डोलावण्याआधी ही बेरीज एकदा कागदावर मांडा.

पैशाशिवाय आणखी गोष्टी आहेत. वरूड-मोर्शी भागात पाणी खोल गेले आहे, हे संत्र्याच्या बागायतदाराला सांगायला नको. वसाहतीच्या बोअर आपल्या विहिरीशेजारीच पडतील. सांडपाणी कुठे जाणार? पांदण रस्ता बैलगाडीला, ट्रॅक्टरला मोकळा राहणार का? मधलेच एक वावर गेले, तर शेजारच्या चार सभासदांचा ऊस बाहेर कसा निघणार? हे प्रश्न विकणाऱ्या एकट्याचे नाहीत, साऱ्या शिवाराचे आहेत.

व्यवहार करायचाच झाला, तर एवढे पाहा :

१) सातबारा व फेरफार नीट तपासा. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. बहिणींना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.

२) बिनशेती व तुकडेबंदीचे नियम वेळोवेळी बदलतात. आजचा नियम तलाठी व तहसील कचेरीतून खात्री करून घ्या, दलालाच्या तोंडून नव्हे.

३) रेरा कायदा २०१६ चा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्लॉट योजनेची नोंदणी झाल्याशिवाय विक्री करता येत नाही. मुलासाठी शहरात प्लॉट घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

४) कोऱ्या कागदावर, न वाचलेल्या इसारपावतीवर किंवा मुखत्यारपत्रावर सही करू नका.

वावर विकणे हा काही गुन्हा नव्हे. लेकीचे लग्न, दवाखाना, कर्ज, कुणावर काय वेळ येईल ते सांगता येत नाही. पण विकण्याआधी शेजाऱ्याला सांगा, चार सभासद एकत्र बसा. एकट्याच्या उसाला भाव मिळत नव्हता, म्हणून तर आपण कारखाना काढला. जमिनीचेही तेच आहे. एकटा माणूस विकतो, एकत्र आलेली माणसे ठरवतात.