पोलाद प्रकल्पातील कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनॉल : उत्प्रेरकाचे कार्य व मर्यादा (गडब-डोलवी परिसराच्या संदर्भात)

पेण तालुक्यातील गडबच्या लगत, डोलवी येथे, मोठा पोलाद प्रकल्प आहे. इस्पात इंडस्ट्रीजचा हा प्रकल्प २०१० साली जेएसडब्ल्यू समूहाकडे आला. झोतभट्टीच्या वायूत साधारणपणे निम्मा नायट्रोजन, तर कार्बन डायऑक्साइड एक पंचमांश ते एक चतुर्थांश असतो. त्यापासून मिथेनॉलसारखे उपयुक्त रसायन मिळविता येईल काय, हा प्रश्न या परिसरात केवळ पुस्तकी राहत नाही. प्रस्तुत लेखात त्यातील उत्प्रेरकाच्या भूमिकेचे विवेचन केले आहे.

कार्बन डायऑक्साइडचा उपयोग रायगडला नवा नाही. अलिबाग तालुक्यात थळ येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यात त्यापासून युरिया बनतो. एक टन युरियात सुमारे ०.७३ टन कार्बन डायऑक्साइड बांधला जातो आणि या टप्प्यास उत्प्रेरक लागत नाही. कारण आवश्यक ती ऊर्जा अमोनियाच्या रूपाने आधीच आलेली असते. (शेतात युरियाचे विघटन झाले की तो वायू पुन्हा मुक्त होतो, हे वेगळे.)

मिथेनॉलची गोष्ट निराळी. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू व हायड्रोजनचे तीन रेणू यांपासून मिथेनॉल आणि पाणी तयार होते. अभिक्रिया उष्णतादायी असल्याने कमी तापमान तिला अनुकूल. परंतु कार्बन डायऑक्साइडचा रेणू इतका स्थिर की कमी तापमानास गती जवळजवळ शून्य. ही कोंडी तांबे, झिंक ऑक्साइड व ॲल्युमिना यांचा उत्प्रेरक २०० ते ३०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान काही अंशी फोडतो. झिंक ऑक्साइड तांब्याचे कण विखुरलेले ठेवते व त्यांच्या संपर्करेषेवर अभिक्रियेस साहाय्य करते. मात्र उत्प्रेरक गती वाढवितो, समतोल बदलत नाही. म्हणून न बदललेला वायू पुन्हापुन्हा फिरवावा लागतो. शिवाय निर्माण होणाऱ्या पाण्यामुळे तांब्याचे सूक्ष्म कण एकत्र येऊन पृष्ठभाग घटतो, आणि गंधकाचा अल्प अंशही उत्प्रेरकास निकामी करतो. पोलाद प्रकल्पाच्या वायूबाबत हा दोष विशेष गंभीर ठरतो. इंडियम ऑक्साइडवर आधारित उत्प्रेरक पाण्याला अधिक दाद देत नाहीत, परंतु इंडियम दुर्मीळ व महाग आहे.

खरा हिशेब हायड्रोजनचा आहे. एक टन मिथेनॉलसाठी १.३७५ टन कार्बन डायऑक्साइड आणि सुमारे १८८ किलो हायड्रोजन लागतो. पाण्याच्या विद्युत अपघटनाने एक किलो हायड्रोजन मिळविण्यास ५० ते ५५ युनिट वीज धरली, तर एका टनास जवळजवळ १०,००० युनिट होतात. भारतीय ग्रिडच्या विजेमागे प्रति १,००० युनिट सुमारे ०.७ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे १.३७५ टन बांधण्यासाठी ७ टन सोडावा लागेल! आइसलँडमध्ये २०१२ साली सुरू झालेला मिथेनॉल प्रकल्प भूऔष्णिक केंद्राशेजारी उभारला गेला, त्याचे कारण यातच आहे.

कोकभट्टीच्या वायूत मात्र निम्म्याहून अधिक हायड्रोजन असतो. पोलाद प्रकल्पांत तो प्रायः इंधन म्हणून जाळला जातो. तो मिथेनॉलकडे वळविल्यास भट्ट्यांसाठी दुसरे इंधन शोधावे लागेल, आणि त्यातील गंधक काढल्याखेरीज तो तांब्याच्या उत्प्रेरकावर सोडता येणार नाही.