दोन घरांमधला रस्ता

पुण्यातल्या आमच्या कोथरूडच्या सोसायटीत सोफे धुवायला एक दादा येतात. मशीनचं तोंड गादीवरून फिरतं आणि पारदर्शक नळीतून काळ्या चहासारखं पाणी सळसळत टाकीत उतरतं. आपण रोज यावर बसत होतो, हे पाहून घरची माणसं गप्प होतात. परवा नळी गुंडाळता गुंडाळता त्यांनी विचारलं, "सर, वाकडला पण टाकू का एक युनिट? पाच गिऱ्हाइकं आहेत तिकडं."

मी त्यांची वही मागितली. सकाळी एरंडवणे, मग बावधन, दुपारी कर्वेनगर, संध्याकाळी पुन्हा बावधन. चार घरं आणि दिवस संपला.

या धंद्याची गंमतच ही आहे. चकली तळून, डब्यात भरून नाशिकला पाठवता येते. धुतलेला सोफा पाठवता येत नाही. धुणाऱ्यालाच मशीन, बादली, पोऱ्या घेऊन जावं लागतं. शाम्पूचा हिशेब सगळे ठेवतात, रस्त्याचा कुणी ठेवत नाही. आणि रस्त्याचं गणित असं आहे की ते पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चाटच पडलो.

त्याचा एक धागा थेट बंगालच्या तागाच्या शेतात जातो. १९३७ च्या सुमारास संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी तिथल्या ताग-लागवडीची नमुना पाहणी हाती घेतली. प्रश्न पैशाचा होता: जमिनीचे जास्त तुकडे तपासायचे तर पाहणी करणाऱ्यांची पायपीट किती वाढेल? दुप्पट तुकड्यांना दुप्पट चाल, असं आपण म्हणू. पण त्यांच्या हिशेबात चाल वाढत होती ती तुकड्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. पुढे १९५९ मध्ये बिअर्डवुड, हाल्टन आणि हॅमर्स्ली या तिघा गणितज्ञांनी ते पक्कं सिद्ध केलं. योगायोगानं इकडेतिकडे विखुरलेली पुष्कळ ठिकाणं एका फेरीत गाठायची, तर सर्वांत आखूड वाट ही संख्या गुणिले क्षेत्रफळ यांच्या वर्गमुळाच्या पटीत असते.

आता हे दादांच्या वहीला लावून बघा. त्याच कोथरूडमध्ये गिऱ्हाइकं चौपट झाली, तर रस्ता फक्त दुप्पट. म्हणजे घरामागे निम्मा! पण चौपट गिऱ्हाइकं मिळवायला मुलूखही चौपट केला, तर रस्ताही चौपट. घरामागे एक मीटरसुद्धा वाचला नाही. धंदा वाढला, टेम्पो तेवढाच दमला. चार-पाच घरांना हे सूत्र काटेकोर लागू पडत नाही, पण दिशा तीच राहते.

म्हणजे वाकड किती लांब, याला मी फारसं महत्त्व देत नाही. तिथली गिऱ्हाइकं एकमेकांपासून किती लांब, हे विचारायला हवं. शिवाय तिथे टॉवर आहेत. शंभर-दोनशे घरं एका लिफ्टच्या आधारानं उभी, म्हणजे मुलूख जवळजवळ शून्यावर आला. असा टॉवर हाती लागला तर कोथरूडचे बंगले त्यापुढे महागच पडतात.

"पाच जण राहतात कुठं?" मी विचारलं.

"तिघं एकाच सोसायटीत. बी विंग. एक ताथवड्याला, एक पार तिकडं पुलापलीकडं."

दादांनी वहीत त्या तिघांभोवती पेनानं गोल काढला. युनिट नको, म्हणाले. आठवड्यातला एक शनिवार, तोही फक्त त्या विंगसाठी. वॉचमनकडे चार कागद ठेवून येऊ.

मग अचानक त्यांना पाणी आठवलं. उन्हाळ्यात तिकडे टँकर आणि बोअर. जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला धरतं, फेसाऐवजी चोथा होतो, आणि सोफा वाळला की पांढरे ओघळ उमटतात. गिऱ्हाईक म्हणणार, धुतलाच नाही.

त्यांनी माझ्याकडून एक रिकामी बाटली मागून घेतली. शनिवारी त्या विंगच्या नळाचं पाणी भरायचं, साबणाचा तुकडा टाकायचा आणि हलवून बघायचं.