पाण्याचा मीटर फिरतोय, पण पाणी जातंय कुठे?

पाण्याच्या मीटरबद्दल इंटरनेटवर शोधलं की एक सल्ला हमखास सापडतो. रात्री रीडिंग लिहून ठेवा, सकाळी बघा, आकडा वाढला असेल तर गळती आहे. नळाला चोवीस तास पाणी असेल तिथे हे बरोबर आहे. कराडजवळच्या मलकापुरात चालेल. मी राहतो त्या नागापुरात, किंवा एकूणच नगरमध्ये (आता अहिल्यानगर), मुळा धरणाचं पाणी ठराविक वेळेलाच सुटतं. रात्री लाइन कोरडी असेल तर मीटर फिरणार कसा? गळती असूनही आकडा जागच्या जागी, आणि आपण निर्धास्त.

घरगुती १५ मिमी मीटरच्या आत बहुतेक वेळा एक छोटा पंखा असतो. पाण्याने तो फिरतो आणि गिअरमधून आकडे सरकतात. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत हा नुसता काउंटर. काळे आकडे घनमीटरचे, म्हणजे एक आकडा सरकला की १००० लिटर. लाल आकडे किंवा काटे त्याखालचे लिटर दाखवतात. डायलवरची छोटी चांदणी मात्र सगळ्यात कामाची, कारण ती बारीक धारेलाही फिरते.

आपल्याकडे तपासणी दोन भागांत करावी लागते. पाणी सुटलेलं असताना टाकी पूर्ण भरू द्या, थेट लाइनवरचे नळ बंद करा आणि चांदणीकडे बघा. ती फिरतेय? मग टाकीच्या तोंडाशी असलेला कॉकही बंद करा. आता थांबली तर टाकीचा बॉलकॉक नीट बसत नाहीये. तरीही फिरतेय, तर मीटर ते टाकी या पाइपात गळती आहे, बहुधा जमिनीखाली.

टाकीनंतरची गळती मीटरवर लगेच दिसत नाही. त्यासाठी झोपताना, टाकीत पाणी येत नसताना, आतल्या पातळीची खूण करा. १ मीटर व्यासाच्या सरळ टाकीत १ सेंमी पातळी उतरली म्हणजे जवळपास ८ लिटर गेले. माझा पहिला संशय कायम फ्लशच्या टाकीवर असतो.

गळती नाही, तरी आकडा पळतोय? मग हवा. पाणी सुटताना पाइपातली हवा आधी बाहेर पडते आणि पंखा तिच्यावरही फिरतो. मीटरआधीचा कॉक सुरुवातीला थोडाच उघडा, फुसफुस थांबली की पूर्ण. लाइनला थेट मोटर लावणाऱ्यांना (अनेक ठिकाणी मनाई असूनही लावतात!) हा त्रास जास्त होतो, कारण मोटर हवासुद्धा ओढते.

"मीटर जुना झाला म्हणून जास्त दाखवतो" हे मला फारसं पटत नाही. झिजलेला पंखा सहसा हळू फिरतो, कमी दाखवतो. तिरका बसवलेला मीटरही लवकर झिजतो, म्हणून डायल वरच्या दिशेला आणि मीटर आडवा हवा. पाण्याची धार कमी झाली तर मीटरच्या तोंडाशी असलेली जाळी गाळाने भरलेली असू शकते.

शंका असेल तर थेट नळाखाली २० लिटरचे पाच जार सलग भरा. आयएस ७७९ मानकात नेहमीच्या प्रवाहाला साधारण २ टक्के फरक चालतो, म्हणजे १०० लिटरमागे २ लिटर. जारचं माप थोडं पुढे-मागे असतं, ते सोडून द्या. फरक १०-१५ लिटरचा आला तर आधीच्या आणि नंतरच्या रीडिंगचे फोटो अर्जाला जोडून मीटर तपासून मागा. जाळी साफ करायची असली तरी सील स्वतः तोडू नका. सील तुटलेलं दिसलं की तक्रार तुमच्यावरच उलटू शकते.