घाट उतरला की विद्यापीठ बदलतं

अजिंठा बसस्टँडजवळच्या ऑनलाइन सेंटरात अकरालाच पत्रा तापलाय. जून लागलाय, पावसाचा पत्ता नाही. कूलर घरघरतोय, पण वारा फक्त कॉम्प्युटरवाल्याला लागतोय. बाकीचे आम्ही दारात, सावलीच्या पट्टीत. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवाय, कुणाला अकरावीचा फॉर्म भरायचाय.

माझ्या पुढं एक मुलगी. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष झालंय. छातीशी प्लास्टिकची फाइल. तिला जळगावला मावशीकडं राहून शिकायचंय. लेण्यांपासून जळगाव साधारण ६० किलोमीटर, संभाजीनगर १००. पण अजिंठा संभाजीनगरच्या विद्यापीठाकडं, १९५८ सालच्या. घाट उतरून फर्दापूर मागं पडलं की जळगाव जिल्हा लागतो. तिथलं विद्यापीठ वेगळं, १९९० चं.

तिचा नंबर येतो.

"अपार आयडी आहे का?"

"आहे ना दादा."

या विद्यार्थी-ओळखक्रमांकाचे बारा आकडे टाकले जातात. ओटीपी मात्र आधारला जोडलेल्या मोबाइलवर. तो मोबाइल वडिलांच्या खिशात, आणि वडील मिरचीच्या वावरात.

"अप्पा, मेसेज आला का? सहा आकडे वाचा."

"थांब गं, चष्मा घरी राहिला."

अप्पा कुणाला तरी हाक मारतात. एक पोरगं धापा टाकत आकडे वाचतं. तोवर मुदत संपलेली. पुन्हा ओटीपी. मागं चुळबुळ होते, पण कुणी काही बोलत नाही. या वेळी जमतं. पडद्यावर पहिल्या सत्राचे २२ क्रेडिट दिसतात. दुसऱ्या सत्रापुढं काहीच नाही. निकाल लागायचाय.

क्रेडिट खात्यात जमा करायची सोय २०२१ च्या नियमांनी आली. ही सोय मोलाची आहे. पहिल्या वर्षाचे ४४ घेऊन गेलं तरी तीन वर्षांच्या पदवीतले उरलेले ८८ तिकडं मिळवता येतात. पदवी देणाऱ्या संस्थेत निम्मे तरी क्रेडिट मिळवलेले असावेत, असा नियम आहे. म्हणून पहिल्या वर्षानंतर निघणं सोपं, शेवटच्या वर्षाला अवघड.

पण कागद सुटत नाहीत. जुन्या कॉलेजची टीसी. जुन्या विद्यापीठाचं मायग्रेशन. नव्या विद्यापीठाचा पात्रता अर्ज. इथले पेपर तिथल्या पेपरांशी जुळतात का, ते तिकडचे लोक ठरवणार. म्हणून अभ्यासक्रमाची प्रतही हवी. झेरॉक्स मशीन गरम होऊन थांबतं. प्रत्येक पानावर ती उभ्यानंच सही करते, फाइल गुडघ्यावर टेकवून.

आम्ही स्टँडवर येतो. सिल्लोडकडची एसटी अजून आलेली नाही. बाकावर धुळीचा थर. ती रुमालानं पुसते, मग बसते. फाइलीत वर एक हातानं लिहिलेला अर्ज आहे. टीसीचा. आज कॉलेजात देणार.

शेजारचे गुरुजी तो वाचतात. "बाळा, तिकडं जागा मिळाली का?"

"विचारलंय. बघू म्हणाले."

"मग हा अर्ज आज देऊ नको."

एसटी येते. दारात झुंबड उडते. कंडक्टर तिला अर्धं तिकीट फाडून देतो. अर्ज फाइलीत सगळ्यात खाली गेलाय.

विद्यापीठ बदलणाऱ्या प्रत्येकाला माझंही तेच सांगणं आहे. नव्या कॉलेजकडून जागेचं आणि विषयांचं लेखी घ्या, त्याशिवाय टीसीला हात लावू नका. टीसी हातात आणि जागा नाही, असं झालं तर पोरांचं वर्ष जातं.